वेळेची शिदोरी : नर्सिंग प्रवेशपरीक्षेच्या निमित्ताने

आपल्या विद्यालयातील वरच्या वर्गांतील मुलामुलींना पुढचा बेत विचारला, तर अलीकडे एक उत्तर वारंवार ऐकू येते. ‘आम्हाला नर्सिंगला जायचे आहे,’ असे ती सांगतात. हे उत्तर आम्हाला मनापासून आवडते. शेतमजुरी, वीटभट्टी, ऊसतोड किंवा शहरातील घरकाम यांवर पोट भरणाऱ्या कुटुंबातील मुलगी परिचारिका झाली, म्हणजे त्या घरात नियमित पगार येतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की, वस्तीत कोणाला ताप चढला, कोणाचे दिवस भरत आले, कोणाच्या पायाची जखम चिघळली, तर विचारायला एक हक्काचे माणूस मिळते. दवाखान्याच्या दारात दबकत उभे राहणाऱ्या आपल्या आईबापांना आतून कोणीतरी ‘या, बसा’ म्हणणारे भेटते. या एका वाक्याची किंमत ज्यांनी ते दार बाहेरून पाहिले आहे, त्यांनाच कळेल.

परंतु इच्छा आणि प्रवेश यांच्यामध्ये आता एक परीक्षा उभी आहे, आणि ती घड्याळ लावून घेतली जाते. या परीक्षेची तयारी म्हणजे नेमके काय, ती कोणी करून घ्यायची, आणि आपल्यासारख्या निवासी विद्यालयाची त्यात जबाबदारी कोणती, याविषयीचे आमचे मत स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आम्ही म्हणजे याच विद्यालयातून बाहेर पडलेले काही माजी विद्यार्थी. आमच्यापैकी काही रुग्णालयांत सेवेत आहेत, काही शिकवतात. सुटीच्या दिवशी जमेल तसे वसतिगृहात येऊन आम्ही मुलांचा सराव घेतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपली मुले या परीक्षेत मागे राहतात, ती बहुतेक वेळा ज्ञानाच्या तुटीमुळे नव्हे, तर वेळेच्या तुटीमुळे. वेळ वापरणे ही शिकवण्याची व शिकण्याची गोष्ट आहे, आणि ती शिकवण्यास वसतिगृहाइतकी योग्य जागा दुसरी नाही.

परीक्षेचे स्वरूप

महाराष्ट्रात बी. एस्सी. नर्सिंगचे प्रवेश पूर्वी ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर होत असत. नंतर राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाने त्यासाठी स्वतंत्र सीईटी सुरू केली. भारतीय परिचर्या परिषदेने या प्रवेशपरीक्षेचा जो आराखडा ठरवून दिला आहे, त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग अभिक्षमता अशा पाच भागांना प्रत्येकी २० गुण आहेत. एकूण १०० प्रश्न, प्रत्येकी १ गुण आणि वेळ ९० मिनिटे. परीक्षा संगणकावर होते. चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहीत.

हा हिशेब मुलांसमोर फळ्यावर मांडावा, असा आमचा आग्रह असतो. ९० मिनिटांचे ५,४०० सेकंद होतात. १०० प्रश्नांनी त्यांना भागले, तर प्रत्येक प्रश्नाच्या वाट्याला ५४ सेकंद येतात. या ५४ सेकंदांत प्रश्न वाचायचा, समजून घ्यायचा, चार पर्याय तपासायचे, गरज पडल्यास कच्चे गणित करायचे आणि पडद्यावर उत्तर नोंदवायचे. बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेला तीन तास बसून सुवाच्य अक्षरात सविस्तर उत्तरे लिहिण्याची सवय लागलेल्या विद्यार्थ्याला हे जग सर्वस्वी परके वाटते. बोर्डात कृती दाखवल्याचे गुण मिळतात. येथे कृती कोणी पाहत नाही. उत्तर तेवढे पाहिले जाते.

दुसरी बाब पर्सेंटाइलची. पर्सेंटाइल म्हणजे टक्के, असा गैरसमज पालकांत सर्वत्र आहे. टक्के आपण किती गुण मिळवले ते सांगतात. पर्सेंटाइल आपल्या मागे किती परीक्षार्थी आहेत ते सांगतो. म्हणून या परीक्षेत ‘मला बरेच येत होते’ या समाधानाला अर्थ राहत नाही. दहा प्रश्न येत असूनही वेळेअभावी सुटले, तर तेवढ्या गुणांनिशी कितीतरी जण आपल्या पुढे निघून जातात.

वेळ नेमका कोठे जातो

सरावाच्या उत्तरपत्रिका तपासताना आम्ही गुणांबरोबर आणखी एक गोष्ट पाहतो. मूल कोठे थांबले? त्यातून तीन ठिकाणे पुन्हापुन्हा समोर येतात.

पहिले ठिकाण भाषेचे. आपली बहुतेक मुले दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि अकरावीला विज्ञान एकदम इंग्रजीतून समोर येते. ज्या मुलीला धमनी, नीला, मूत्रपिंड, श्वासपटल हे सारे आकृतीसह पाठ आहे, तीच मुलगी आर्टरी, व्हेन, किडनी, डायफ्रॅम हे शब्द वाचताना क्षणभर अडखळते. तिच्या मनात आधी भाषांतर होते, मग विचार, मग पुन्हा भाषांतर. एका प्रश्नामागे दहा-बारा सेकंद असेच गेले, तरी शंभर प्रश्नांत पंधरा ते वीस मिनिटे नाहीशी होतात. शिकवणीच्या कोणत्याही युक्तीने ही मिनिटे शेवटच्या महिन्यात भरून निघत नाहीत. त्यासाठी आठवीपासूनच विज्ञानाच्या प्रत्येक धड्यात मराठी संज्ञेशेजारी इंग्रजी संज्ञा लिहिण्याची सवय लावावी लागते, आणि रोज वीस मिनिटे इंग्रजी उतारा मोठ्याने वाचून घ्यावा लागतो. मराठी माध्यम हा दोष आहे, असे आम्ही मुळीच मानत नाही. मातृभाषेतून पक्के झालेले ज्ञान दुसऱ्या भाषेत नेता येते. मात्र तो पूल कोणीतरी बांधून द्यावा लागतो.

दुसरे ठिकाण गणिती प्रश्नांचे. ६ ओहम आणि ३ ओहमचे दोन रोध समांतर जोडले, तर परिणामी रोध किती, हा अगदी साधा प्रश्न घ्या. आपले मूल वहीत शिकवल्याप्रमाणे सूत्र लिहिते, व्यस्तांक घेते, छेद समान करते, बेरीज करून पुन्हा उलटवते. उत्तर २ ओहम अचूक येते, परंतु दीड मिनिट गेलेले असते. दोनच रोध असतील, तर गुणाकाराला बेरजेने भागायचे, म्हणजे १८ भागिले ९, हे ज्याच्या बोटांवर बसले आहे, त्याला दहा सेकंद पुरतात. यात हुशारीचा फरक काहीच नाही; फरक सरावाचा आहे. पाढे, वर्ग, अपूर्णांकांचे दशांश रूप, एककांचे रूपांतर या गोष्टी पाठ असण्याला आजकाल कमी लेखले जाते. ज्याच्या खिशात मोबाईलवरचा गणकयंत्र आहे, त्याने पाढ्यांची टिंगल करावी. परीक्षेच्या खोलीत तो नेता येत नाही.

तिसरे ठिकाण हट्टाचे. एक प्रश्न अडला की त्याला सोडून पुढे जाणे मुलांना पराभवासारखे वाटते. ‘सर, मला येत होता तो,’ असे म्हणत चार-चार मिनिटे एकाच गुणावर खर्च होतात आणि शेवटचे बारा-पंधरा प्रश्न न उघडताच वेळ संपते. त्यांतील निम्मे सोपे असतात. मिळालेले वाया घालवू नये, ही शिकवण आपल्या घरांतून मुलांवर होते, आणि ती चांगलीच आहे. परंतु येथे वाया जाते ते न उघडलेल्या प्रश्नांत, हे समजावून द्यावे लागते.

तीन फेऱ्यांची रीत

या तिन्ही अडचणींवर आम्ही एक साधी रीत मुलांना सांगतो. प्रश्नपत्रिका तीन फेऱ्यांत सोडवावी. पहिल्या फेरीत पाहताक्षणी उत्तर सुचते असे प्रश्न सोडवीत शेवटपर्यंत जावे. बाकीचे पुन्हा पाहण्यासाठी खूण करून ठेवावेत; संगणकावरील परीक्षेत तशी सोय असते. दुसऱ्या फेरीत गणिताचे व विचाराचे प्रश्न घ्यावेत. तिसऱ्या फेरीत उरलेल्या प्रश्नांतील अशक्य पर्याय वगळून अंदाजाने उत्तर नोंदवावे, कारण गुण कापले जात नसताना प्रश्न कोरा ठेवण्यात शहाणपण नाही.

मात्र हाच नियम सर्व परीक्षांना लागू पडत नाही, हेही मुलांना कळले पाहिजे. ‘एम्स’ची बी. एस्सी. ऑनर्स नर्सिंगची प्रवेशपरीक्षा दोन तासांची असते. तिच्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांचे प्रत्येकी ३० आणि सामान्य ज्ञानाचे १० प्रश्न असतात, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे एक तृतीयांश गुण वजा होतो. तेथे आंधळा अंदाज अंगलट येतो. म्हणून कोणतीही परीक्षा देण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलाने स्वतः, पहिल्या पानापासून, वाचलीच पाहिजे. मागच्या वर्षीच्या ताईने काय सांगितले, यावर विसंबू नये.

वेळेची वाटणीही आधी ठरलेली असावी. जीवशास्त्राला १२ मिनिटे, नर्सिंग अभिक्षमतेला १३, इंग्रजीला १५, रसायनशास्त्राला १८ आणि भौतिकशास्त्राला २२ अशी वाटणी केली, तर ८० मिनिटे होतात व फेरतपासणीला १० मिनिटे उरतात. ज्याचे भौतिकशास्त्र चांगले आणि इंग्रजी कच्चे, त्याने ही वाटणी आपल्या सोयीने बदलावी. महत्त्व आकड्यांना नाही. वाटणी परीक्षेच्या खोलीत बसून करायची नाही, याला आहे.

सरावानंतर प्रत्येकाने चुकांची वही लिहावी, यावर आमचा विशेष भर असतो. तिच्यात तीन रकाने असावेत : मुळात माहीत नव्हते, माहीत होते, पण घाईत चुकले, वेळच उरली नाही. तिन्ही चुकांचे गुण सारखेच जातात, पण औषध वेगवेगळे आहे. पहिलीला पुस्तक उघडावे लागते, दुसरीला शांतपणे वाचण्याची सवय लावावी लागते, तिसरीला घड्याळ लावून पुन्हा बसावे लागते. ‘अभ्यास कर, अभ्यास कर’ असे सरसकट सांगत राहणे म्हणजे प्रत्येक रुग्णाला एकच गोळी देण्यासारखे आहे.

घाई आणि शुश्रूषा

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचार करण्याजोगा आहे. रुग्णाची सेवा हे धीराचे, मायेचे काम. त्यासाठी माणसे निवडताना ५४ सेकंदांची शर्यत कशाला लावायची? ज्याचा हात हळुवार आहे, तो शर्यतीत मागे पडला, तर रुग्णांचेच नुकसान नाही का?

आक्षेपातील अर्धा भाग आम्हाला मान्य आहे. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडून आपल्याच मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूकडे इतरांनी पाठ फिरवली होती. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतःच्या हाताने धुतले, उचलून मंचकावर निजवले, आणि संघाला आजाऱ्याच्या सेवेचे कर्तव्य समजावून दिले. तेथेच चांगल्या परिचारकाचे गुणही सांगितले आहेत. औषध तयार करता यावे. रुग्णाला पथ्य काय व अपथ्य काय हे कळावे. सेवा लाभासाठी नव्हे, मैत्रभावाने करावी. मलमूत्र, थुंकी, उलटी काढताना किळस वाटू नये. आणि रुग्णाच्या मनाला उभारी देता यावी. या पाच गुणांपैकी पहिले दोन काही अंशी प्रश्नपत्रिकेत तपासता येतील. उरलेले तीन कोणत्याही संगणकाला तपासता येणार नाहीत. म्हणून प्रवेशपरीक्षेतील गुण म्हणजे परिचारिकेचे मोल, असे कोणीही समजू नये, आणि नापास झालेल्या मुलीने तर कधीच समजू नये.

परंतु आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग आम्हाला मान्य नाही. शुश्रूषेत घड्याळ नसते, ही समजूत रुग्णालय दुरून पाहणाऱ्यांची आहे. ज्यांनी वॉर्डात पाळी केली आहे, त्यांना ठाऊक असते की त्या कामाचा श्वासच वेळेवर चालतो. बाळ जन्मले की पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला त्याचा रंग, नाडी, रडणे, हालचाल आणि श्वास पाहून गुण द्यायचे असतात. त्याला अपगार गुणांक म्हणतात. ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे असेल आणि संचातून मिलिलिटरला २० थेंब पडत असतील, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब ठेवावे लागतात, हे गणित खाटेपाशी उभ्याउभ्या करावे लागते. डॉक्टरांनी लहान मुलाला २५० मिलिग्रॅम औषध लिहून दिले आणि बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असे छापले असेल, तर १० मिलिलिटर द्यायचे, हे चुकून चालत नाही. साबणाने हात धुण्याच्या पूर्ण क्रियेलासुद्धा जागतिक आरोग्य संघटनेने ४० ते ६० सेकंद सांगितले आहेत. तेथे घाई करणारीही चुकते आणि रेंगाळणारीही चुकते.

म्हणजे परिचारिकेला जे कौशल्य आयुष्यभर लागते, ते म्हणजे वेळेच्या दडपणाखाली मन शांत ठेवून अचूक काम करणे. प्रवेशपरीक्षेची तयारी याच सवयीची पहिली इयत्ता ठरू शकते. अट एकच : आधी समज, मग घड्याळ. अकरावीत, मूळ कल्पना पक्क्या होण्याआधीच मुलांपुढे घड्याळ ठेवले, तर ती उत्तरे पाठ करतील व विषय गमावतील. बारावीच्या दिवाळीपर्यंत समजून घेण्यावर भर द्यावा आणि त्यानंतर सरावाला घड्याळ लावावे, असे आमचे मत आहे.

वसतिगृह म्हणजे वेळ

आता आमच्या प्रतिपादनाच्या गाभ्याकडे येतो. गरिबाच्या मुलाकडे सर्वांत कमी काय असते? पैसा कमी असतो हे उघड आहे. पण पैशाच्या आधी त्याच्याकडे वेळ कमी असतो. घरी पाणी भरणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे, हंगामात शेतावर जाणे, एकाच खोलीत सगळ्यांच्या झोपेच्या वेळा सांभाळणे, यात अभ्यासाचे तास विरघळून जातात. महाराष्ट्रातील थोर समाजधुरीणांनी हे फार लवकर ओळखले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची परंपरा सुरू केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले. शाळा तर गावातही होत्या. मग वसतिगृहे कशासाठी? कारण शाळेत जागा मिळाली, तरी घरी अभ्यासाला वेळ मिळत नव्हता. वसतिगृहाने मुलांना अन्न व निवारा दिला, आणि त्यांच्या आडून वेळ दिला.

या दृष्टीने पाहिले, तर वेळ मोजणाऱ्या परीक्षेचे उत्तर आपल्या हाती कित्येक वर्षांपासून आहे. लातूरसारख्या शहरांतील शिकवणी वर्गांची कीर्ती आम्ही नाकारत नाही. परंतु तेथील शुल्क, खोलीभाडे आणि खानावळ आपल्या बहुतेक पालकांच्या आवाक्याबाहेर आहे. तेथे पैसे मोजून जे घेतले जाते, त्यातले बरेचसे आपल्याकडे आयते आहे : पहाटेची घंटा, ठरलेल्या वेळी जेवण, एका छताखाली एकच ध्येय असलेली दहा-वीस मुले, आणि रात्री नऊला शंका विचारायला शेजारच्या खाटेवरचा सोबती. कमी आहे ती योजना.

ती योजना अशी असावी, असे आम्ही सुचवतो. डिसेंबरपासून दर रविवारी सकाळी एक पूर्ण सराव परीक्षा व्हावी. घंटेला सुरू, घंटेला बंद, मध्ये उठणे नाही, पाणी मागणे नाही. त्याच दिवशी दुपारी प्रत्येकाने आपली चुकांची वही भरावी आणि संध्याकाळी शिक्षकांनी केवळ ‘वेळ उरली नाही’ या रकान्यावर चर्चा करावी. रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास, तीस प्रश्न, तीस मिनिटे. संगणक कक्ष आठवड्यातून दोन संध्याकाळी बारावीसाठी राखून ठेवावा. ज्या मुलाने माऊस फारसा हातात धरलेला नाही, त्याचे दोन-दोन सेकंद प्रत्येक प्रश्नामागे तेथेच गळतात. आणि परीक्षेआधीच्या आठवड्यात नवे काही न शिकवता मुलांना पुरेशी झोप मिळेल, हे अधीक्षकांनी कटाक्षाने पाहावे. जागरणाचे कौतुक करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती येथे घातक ठरते. परीक्षेआधी शांत बसून श्वासाकडे लक्ष देण्याचा जो सराव विद्यालयात रोज होतो, त्याचाही उपयोग मुलांना परीक्षेच्या खोलीत करू द्यावा. छाती धडधडू लागली की अर्धे मिनिट डोळे मिटून बसणारे मूल वेळ वाया घालवत नाही; ते पुढची दहा मिनिटे वाचवते.

आणखी एक सूचना मुलांच्या संदर्भात. नर्सिंग म्हणजे मुलींचे काम, हा समज आपण सोडावा. ‘एम्स’च्या वरील अभ्यासक्रमासारख्या काही जागा मुलींसाठीच आहेत, परंतु राज्यातील अनेक महाविद्यालयांत मुलांना प्रवेश मिळतो, आणि वॉर्डात ‘ब्रदर’ म्हणून त्यांची गरज रोज भासते. तसेच ‘डॉक्टरकीला नंबर लागला नाही म्हणून नर्सिंग’ हे बोलणेही बंद व्हावे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची सेवा करता करताच प्राण ठेवले. ज्या कामासाठी त्यांनी आयुष्य वेचले, ते काम दुय्यम ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पालकांना विनंती

पालकहो, परीक्षेच्या तयारीत आपलाही वाटा आहे आणि तो पुस्तकांचा नाही. पहिली गोष्ट कागदपत्रांची. बी. एस्सी. नर्सिंगला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात, म्हणून अकरावीला शाखा निवडतानाच विचार करावा. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासाचा दाखला यांची जमवाजमव निकालानंतर सुरू केली, तर उशीर होतो. जात वैधतेचा अर्ज अकरावीतच करावा. दहावीची गुणपत्रिका, आधार कार्ड आणि जातीचा दाखला यांवरील नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे आजच पाहावे. एका अक्षराच्या फरकाने प्रवेशाच्या ऐन दिवशी तहसीलच्या चकरा माराव्या लागतात. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या अनुसूचित जातीच्या कुटुंबांना भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी ‘महाडीबीटी’वर अर्ज करता येतो, हेही लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट दलालांची. निकालाच्या दिवसांत गावोगाव माणसे फिरतात. ‘परीक्षा कशाला, आम्ही प्रवेश मिळवून देतो’ असे सांगतात आणि पैसे मागतात. महाविद्यालयाला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, आणि पदवी असेल तर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी किंवा अन्य मान्य विद्यापीठाशी ते संलग्न आहे का, हे तपासल्यावाचून एक रुपयाही देऊ नये. परिषदेत नोंदणी होऊ शकत नसेल, तर चार वर्षांच्या शेवटी हाती केवळ कागद उरतो.

तिसरी गोष्ट मनाची. बी. एस्सी. चुकली, म्हणजे दारे बंद झाली असे नाही. बारावीनंतर तीन वर्षांचा जी. एन. एम. आणि दोन वर्षांचा ए. एन. एम. हेही मान्य अभ्यासक्रम आहेत, आणि गावाच्या आरोग्य उपकेंद्रात ज्या सिस्टर आपल्या लेकरांना लस देतात, त्या बहुधा ए. एन. एम.च असतात. मुलीला एक वर्ष पुन्हा परीक्षा द्यायची असेल, तर ते वर्ष तिला द्या. मुलाला ‘पुढच्या वर्षी बघू’ आणि मुलीला ‘स्थळ आले आहे’, ही दोन मापे आपल्या घरांत अजूनही आहेत. मुलीचे एक वर्ष आपण वाचवले, तर त्या बदल्यात तिची चाळीस वर्षे घडतात.

माजी विद्यार्थ्यांना आवाहन

शेवटी आमच्या सोबत्यांशी बोलतो. स्मरणिकेत आपण आपल्या आठवणी लिहितो, देणगीदारांच्या यादीत आपले नाव येते, आणि हे योग्यच आहे. परंतु या विद्यालयाने आपल्याला जे सर्वांत मोलाचे दिले, ते पैशात मोजता येणारे नव्हते. ज्या वयात आपल्या बरोबरीची कितीतरी मुले मजुरीला गेली, त्या वयात आपल्याला रोज संध्याकाळी दिव्याखाली बसायला वेळ मिळाला. ती उधारी वेळेनेच फेडावी, असे आम्हाला वाटते.

आपल्यापैकी जे परिचारिका, परिचारक, शिक्षक, औषधनिर्माते, बँक कर्मचारी आहेत, त्यांनी डिसेंबर ते परीक्षेपर्यंतच्या रविवारांपैकी निदान दोन रविवार विद्यालयाला द्यावेत. एकाने घड्याळ घेऊन बसावे, एकाने इंग्रजी उतारा वाचून घ्यावा, एकाने मुलांचे अर्ज आणि दाखले तपासावेत. वॉर्डात काम करणाऱ्यांनी मुलांना खरी पाळी कशी असते ते सांगावे. रात्रपाळीचा थकवाही सांगावा आणि बरा होऊन घरी जाणारा रुग्ण वळून पाहतो, तेव्हा काय वाटते तेही सांगावे. अभिक्षमतेच्या वीस गुणांची तयारी याहून चांगली कोणत्या पुस्तकातून होईल?

नावे कार्यालयात ठेवलेल्या नोंदवहीत लिहावीत, आणि नावापुढे रविवारची तारीखही लिहावी. तारीख नसलेले आश्वासन किती दिवस टिकते, हे आपण सारे जाणतो. येत्या डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता घंटा वाजेल, तेव्हा मुले वेळेवर बसलेली असतील. आपणही वेळेवर यावे, एवढीच विनंती.